सनद कोणाची : यंत्राची की धन्याची?

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९ फुटांची, धोक्याची ४३ फुटांची. शाहूपुरी, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्क या सखल भागांतील तळमजल्यांत पाणी शिरले. कोल्हापुरात पुराची चाहूल लागली की माणसे आधी कागदपत्रे माळ्यावर टाकतात, मग धान्य, मग जमेल ते. टेबलाखाली ठेवलेला संगणकाचा कॅबिनेट बहुधा शेवटी आठवतो, आणि तोच आधी बुडतो.

अशा बुडालेल्या कॅबिनेटच्या कुशीवर पुष्कळदा एक चकचकीत पट्टी चिकटवलेली असे. तिच्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट : विंडोजची प्रॉडक्ट की. आतला मदरबोर्ड चिखलाने गेला, हार्ड डिस्क सुदैवाने वाचली, नवे यंत्र आणले. आता त्या पट्टीवरची २५ अक्षरे नव्या यंत्रावर चालतात का? पैसे तर एकदा मोजलेले आहेत. ते पैसे नेमके कशाचे मोजले होते?

प्रश्न संगणकाचा वाटतो, पण त्याचा सांगाडा फार जुना आहे. वापराचा अधिकार वस्तूला चिकटतो की व्यक्तीला? वस्तू नष्ट झाली, व्यक्ती बदलली, तर अधिकाराचे काय होते? कोल्हापूरकरांना हा प्रश्न संगणक येण्याच्या दीडशे वर्षे आधीपासून ठाऊक आहे.

मराठा काळातील इनामपत्रे वाचणाऱ्यास दोन वाक्प्रचार पुन्हा पुन्हा भेटतात. पहिला अंमलदारांना बजावतो की, दरवर्षी नव्या पत्राचा आक्षेप घेऊ नये. दुसरा सांगतो की, पत्राची नक्कल दप्तरी ठेवून मूळ पत्र भोगवट्यासाठी धन्याकडे परत द्यावे. या दोन वाक्यांत परवान्याचे सगळे शास्त्र आहे. पहिल्याने अधिकार कायमचा होतो, सालोसाल नवा करून घ्यावा लागत नाही. दुसऱ्याने पुरावा अधिकारधारकाच्या हाती राहतो, सरकारकडे केवळ नक्कल. पत्र कोणाच्या नावे आहे, जातीपुरते आहे की वंशपरंपरेने, यावर पुढच्या पिढीचे पोट अवलंबून असे.

शब्द किती निर्णायक ठरतात याचे जळजळीत उदाहरण छत्रपतींच्याच दोन गाद्यांचे. १८४८ साली साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने राजकीय वारसा म्हणून तो दत्तक मानला नाही आणि राज्य खालसा केले. कंपनीच्या दृष्टीने राज्य म्हणजे विशिष्ट रक्ताच्या देहाला दिलेला परवाना होता, देह संपला की परवानाही संपला. १८५७ नंतर धोरण फिरले. १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. राजनिष्ठा आणि तहांचे पालन या त्यांतील अटी. कोल्हापूरच्या गादीपाशी अशी सनद होती. पुढे १८६६, १८७१ आणि १८८४ अशी अठरा वर्षांत तीन दत्तके कोल्हापुरात झाली, आणि तिन्ही मान्य झाली. तिसरे दत्तक कागलच्या घाटगे घराण्यातले, म्हणजे राजर्षी शाहू महाराज. घराणे एकच, रूढीही तीच. निकाल मात्र उलटे लागले, कारण मधल्या काळात कागदावरची भाषा बदलली होती.

संगणकाच्या जगात हा कागद कसा जन्मला ते पाहण्यासारखे आहे, कारण आरंभी तो नव्हताच. १९६० च्या दशकातील आयबीएमचा महासंगणक घेणारा किंवा भाड्याने आणणारा ग्राहक आज्ञावलींसाठी वेगळे पैसे देत नसे. तेलाच्या घाण्याबरोबर लाट येते तशा त्या यंत्राबरोबर येत. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने किमती वेगळ्या करण्याचा निर्णय जाहीर केला. उपयोजनांच्या आज्ञावली आणि सेवा यांना स्वतंत्र मोल आले. यंत्राला चालते ठेवणारा पायाभूत भाग मात्र आणखी काही काळ यंत्राबरोबरच राहिला. ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्राचाच अवयव आहे ही समजूत तिथली. ती अजून पुरती गेलेली नाही.

वैयक्तिक संगणकाच्या पहिल्याच प्रकरणात या समजुतीवर खटला उभा राहिला. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहानशा कंपनीत टिम पॅटरसन याने ८६-डॉस नावाची प्रणाली लिहिली होती. जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे हक्क ५०,००० डॉलरना घेतले आणि पुढच्याच महिन्यात आयबीएमचा पीसी त्या प्रणालीसह बाजारात आला. विकणाऱ्या कंपनीने करारात एक सवलत राखली होती : स्वतःच्या हार्डवेअरबरोबर डॉस विकताना तिला स्वामित्वशुल्क द्यावे लागणार नव्हते. त्या वेळी ही सवलत किरकोळ वाटली असावी. काही वर्षांत डॉस म्हणजे सोन्याची खाण ठरली आणि सिएटलची ती कंपनी अडचणीत आली. तिने प्रोसेसरची एक स्वस्त चकती आणि सोबत डॉस अशी विक्री सुरू केली. चकती हेही हार्डवेअरच की! नंतर मालकाने तो हक्कच दुसऱ्याला विकायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टने आक्षेप घेतला की, ही सवलत त्या कंपनीपुरती आहे, ती हस्तांतरित होत नाही. १९८६ साली निकालाआधी तडजोड झाली आणि मायक्रोसॉफ्टने ९ लाखांहून अधिक डॉलर देऊन तो हक्क परत घेतला. ५०,००० ला घेतलेल्या वस्तूच्या एका अटीची ही किंमत. अधिकार यंत्राचा की धन्याचा, हा वाद ज्या कंपनीच्या परवान्यांवर आज जग चालते, तिने स्वतःच आरंभी मोल देऊन मिटवला होता.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने वाट पकडली ती संगणक बनवणाऱ्यांच्या दारातून जाणारी. काही उत्पादकांशी तर प्रोसेसरमागे शुल्क ठरले होते. यंत्रावर डॉस असो वा नसो, यंत्र कारखान्याबाहेर पडले की पैसे लागू. जुलै १९९४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत बंद करावी लागली, पण तिच्यामागचा हिशेब टिकला. तोच पुढे ओईएम परवाना म्हणून घरोघर पोहोचला. उत्पादकाला तो स्वस्तात मिळतो, आणि त्या स्वस्ताईचा मोबदला असा की, परवाना ज्या यंत्राबरोबर आला त्याच यंत्राबरोबर संपतो. दुकानात डब्यातून मिळणारा रिटेल परवाना महाग, पण तो धन्याच्या हाती. जुन्या यंत्रावरून काढायचा आणि नव्यावर घालायचा, एका वेळी एकच यंत्र, एवढीच अट.

महाराष्ट्रात या भेदाचा गंध लागायला वेळ लागला. १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावी जो संगणक येई तो बहुधा सुटे भाग जोडून केलेला असे, आणि विंडोज त्यात कोठून आली हे कोणी विचारत नसे. ज्याच्याकडे सनदच नाही त्याला सनद हस्तांतरित होते का ही चिंता कशाला? तो काळ आजही अनेकजण गोड आठवणीसारखा सांगतात. त्यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही, पण इतिहास म्हणून तो झाकण्याचेही कारण नाही.

गंमत अशी की, परवाना आणि यंत्र यांच्या नात्याचा पहिला खरा धडा मराठी माणसाला विंडोजने दिला नाही, तो मराठी अक्षरांनी दिला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान आरंभी एका कार्डाच्या रूपाने येई. संगणक उघडायचा, आतल्या खाचेत कार्ड बसवायचे, की पडद्यावर देवनागरी उमटे. भाषा अक्षरशः यंत्राच्या पोटात बसवलेली होती. पुढे संगणकांतून तशा खाचाच नाहीशा झाल्या आणि चांगली चालणारी कार्डे कपाटात पडली.

मग आले हार्डवेअर लॉक. श्री-लिपीसारख्या टंकप्रणाली घेतल्या की काड्यापेटीएवढा एक तुकडा मिळे. तो प्रिंटरच्या जागी लावायचा आणि प्रिंटरची तार त्याच्या पाठीवर. तुकडा लावला तर अक्षरे, काढला तर नाही. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची हस्तपत्रके छापणाऱ्या डीटीपीवाल्याची सारी रोजी त्या तुकड्यावर. परवान्याच्या इतिहासात ही तिसरी रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. इथे अधिकार यंत्राचा नाही, नोंदवहीतल्या नावाचाही नाही. तो खिशात घालून नेता येणाऱ्या किल्लीचा आहे. संगणक जळला, बुडाला, बदलला, तरी लॉक वाचले की हक्क वाचला. लॉक हरवले तर मात्र बिल दाखवून विनवण्या. आणि जेव्हा नव्या संगणकांवरून ते रुंद पॅरलल पोर्टच गेले, तेव्हा जुन्या लॉकवाल्यांची अवस्था दाराविना कुलूप हाती असल्यासारखी झाली.

२००१ हे साल महाराष्ट्राच्या संगणक-इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी लाखो हात माउसपर्यंत नेण्याची वाट उघडली. त्याच वर्षीच्या २५ ऑक्टोबरला विंडोज एक्सपी आली आणि तिच्यासोबत सक्रियीकरण आले. आता यंत्राची ओळख पटवली जाऊ लागली. प्रोसेसर, हार्ड डिस्क, स्मरणशक्तीचा आकार, पडद्याचे कार्ड, सीडी ड्राइव्ह अशा दहा घटकांवरून एक ठसा तयार होई. त्यात नेटवर्क कार्डाला इतरांहून जास्त वजन. एक-दोन भाग बदलले तर ठसा ओळखीचा राही, फार बदलले तर प्रणाली म्हणे की, हे यंत्र वेगळे आहे, पुन्हा ओळख पटवा. मग दूरध्वनीवरून लांबलचक आकडे वाचून दाखवायचे. पलीकडचा आवाज विचारी, ही प्रत किती संगणकांवर आहे? ‘एक’ असे उत्तर दिले की बहुधा काम होई.

या प्रश्नात परवान्याचा गाभा दिसतो. विचारले जाते ते किती यंत्रांवर, कोणत्या यंत्रावर असे नव्हे.

२००६ च्या ऑक्टोबरात विंडोज व्हिस्टाच्या अटी प्रसिद्ध झाल्या तेव्हा हा गाभाच धोक्यात आला होता. डब्यातला परवानाही दुसऱ्या यंत्रावर फक्त एकदाच नेता येईल, असे त्यात होते. स्वतः भाग जोडून संगणक बांधणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की, नोव्हेंबरच्या आरंभीच ती अट मागे घेण्यात आली, प्रणाली सामान्य ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी. अटी या आकाशातून पडत नाहीत, त्या कोणीतरी लिहिलेल्या असतात आणि खोडताही येतात, हे त्या आठवड्यांत दिसले.

कोल्हापूर जिल्ह्यात यंत्र-बदलाचा प्रश्न एका निराळ्याच मार्गाने सुटला, त्याची नोंद इथे हवी. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराचे गाव. १९९८ मध्ये तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रे, निम्मा खर्च केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणा समूहाचा. प्रत्यक्षात शेतकऱ्याला हवे होते ते उसाच्या नोंदीचे, तोडणीचे आणि बिलाचे आकडे. काही वर्षांत यंत्रे थकली, देखभाल महाग झाली. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच भारतातील संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला : संगणक काढून मोबाइल फोन ठेवला आणि तेच आकडे एसएमएसने फिरवले. सगळी कामे झाली, खर्च उतरला आणि शेतकऱ्यांना तेच अधिक आवडले. विंडोज बनवणाऱ्या कंपनीच्या पगारी संशोधकांनी विंडोजचे यंत्र अनावश्यक ठरवावे, हा प्रसंग वारणेकाठी घडला. त्या प्रकल्पावर लिहिताना बहुतेकजण १९९८ च्या उद्घाटनापाशी थांबतात. खरी गोष्ट तिथून पुढे आहे.

कायद्याचे काय? इथे देशोदेशी उत्तर बदलते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्येच ओईएम प्रत यंत्रावेगळी करून विकण्यास मोकळीक दिली. एकदा बाजारात उतरलेल्या प्रतीच्या पुढच्या प्रवासावर उत्पादकाचे नियंत्रण उरत नाही, हे त्यामागचे तत्त्व. २०१२ साली युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या कायमस्वरूपी परवान्यालाही हेच तत्त्व लावले. भारतात १९९४ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये असे शब्द घातले होते की, प्रत आधी विकली गेलेली असली तरी ती पुन्हा विकण्याचा अधिकार हक्कधारकाचाच. १९९९ च्या दुरुस्तीने ‘आधी विकली गेलेली असली तरी’ हा भाग गळून पडला. २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न करआकारणीचा होता, पण निकालात या गळलेल्या शब्दांचा अर्थही न्यायालयाने उलगडला. एकदा विकलेल्या प्रतीवरचा उत्पादकाचा तो हक्क संपतो, या दिशेने. सातारा आणि कोल्हापूर यांच्यामध्ये जो फरक पडला होता तसाच हा, चार शब्दांचा. याच कायद्याच्या कलम ५२ ने प्रणालीच्या वैध धारकाला नाश वा हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याचीही मुभा दिली आहे. पूरग्रस्त शहरात हे कलम दुकानाच्या भिंतीवर लावावे इतके कामाचे आहे.

कायद्यापलीकडे करार असतो आणि रोजच्या व्यवहारात करारच आडवा येतो. ओईएम परवान्याबाबत मायक्रोसॉफ्टची भूमिका अशी की, मदरबोर्ड सदोष निघाला म्हणून उत्पादकाने बदलून दिला तर परवाना कायम. सुधारणा म्हणून किंवा अन्य कारणाने बदलला तर ते नवे यंत्र समजावे. आता पंचगंगेचे पाणी हा दोष मानायचा की अन्य कारण? करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शाहूपुरी नसणार.

२०१२ च्या विंडोज ८ पासून पट्टीही गेली. प्रॉडक्ट की थेट मदरबोर्डवरील चिपमध्ये लिहून येऊ लागली, म्हणजे जिस्ट कार्डासारखी पुन्हा यंत्राच्या पोटात. २०१५ च्या विंडोज १० ने डिजिटल परवाना आणला आणि २०१६ च्या ऑगस्टपासून तो मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडता येऊ लागला. यंत्राचे मोठे भाग बदलल्यावर त्याच खात्याने आत यावे, सक्रियीकरणाच्या पानावर ‘या उपकरणाचे हार्डवेअर अलीकडे बदलले’ या अर्थाचा पर्याय निवडावा, आणि यादीतून आपले जुने यंत्र दाखवावे, अशी सोय झाली. अर्थात खाते यंत्र बुडण्याआधी जोडलेले असले तर. आपला परवाना कोणत्या जातीचा हे ‘एसएलएमजीआर’ नावाच्या छोट्या आज्ञेने कळते. उत्तरात रिटेल किंवा ओईएम हा शब्द येतो. यंत्र धड असतानाच तो पाहून ठेवलेला बरा. जुन्या इनामपत्रांत मूळ पत्र धन्याकडे आणि नक्कल दप्तरी असे. इथे मूळ नोंद कंपनीच्या दप्तरी आहे आणि धन्याला दिसते ती सेटिंग्जमधील एक ओळ.

आणि आता गाडी उलट दिशेने आली आहे. २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ जाहीर झाली. महिनाभरात कोल्हापूर पुन्हा पाण्यात होते. विंडोज १० चा परवाना असणाऱ्यास ही नवी प्रणाली मोफत, पण यंत्राने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा त्या तोडीचा प्रोसेसर दाखवला पाहिजे. आठवी पिढी २०१७ ची. २०१९ च्या पुरानंतर हात आखडता म्हणून ज्याने त्याहून जुने, दुसऱ्याने वापरलेले यंत्र घेतले आणि डब्यातला परवाना त्यावर रीतसर चढवला, त्याची सनद आज शाबूत आहे आणि यंत्र अपात्र आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर डब्याचा परवानाधारक तोच परवाना दुसऱ्यांदा नव्या यंत्रावर नेऊ शकेल. कॅबिनेटवरच्या पट्टीचा धनी नवे यंत्र घेईल तेव्हा त्याच्या किमतीत नवा परवाना मिसळलेला असेल, आणि बिलावर त्याची वेगळी ओळ बहुधा नसेल.